आत्याच्या छतावरची चाचणी

९ नोव्हेंबर

बुटीबोरीच्या रंगकारखान्यातल्या प्रयोगशाळेत आज माझा शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी मिळून समोसे मागवले. साहेब म्हणाले, परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. मी मान डोलावली. वाटणार नाही.

इतकी वर्षं प्रयोगवही लिहिली. तिच्यात दिसलं तेवढंच लिहायचं असतं, वाटलं ते नाही. वाटलं ते आता इथे लिहीन.

उद्यापासून मी आणि पियूष. तो माझ्या एम.टेक.च्या बॅचचा. आमच्यातले निम्मे बँकेत गेले, दोघं कोरियात आहेत, एक जण दहावीचे क्लास घेतो आणि मजेत आहे. नॅनोतंत्रज्ञान शिकून त्याचाच धंदा करणारे नागपुरात आपण दोघंच उरलो, असं पियूष सगळ्यांना सांगतो. हे खरं नाही, पण ऐकायला बरं वाटतं. तो बोलतो छान. म्हणून ठरलंय, बोलायचं त्याने आणि बनवायचं मी.

आमचा माल म्हणजे एक लेप. सोलर प्लेटच्या काचेवर तो द्यायचा. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर एका भागाइतका पातळ, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्याच्यावर धूळ कमी चिकटते. धूळ कमी तर ऊन जास्त, ऊन जास्त तर वीज जास्त. एवढं सोपं आहे. लोकांना अवघड का वाटतं कळत नाही.

बाबांना शेजारच्या नत्थूजींनी विचारलं, पोरगी आता काय करून राहिली? बाबा म्हणाले, नॅनोत आहे. नत्थूजी म्हणाले, ती छोटी गाडी का? बाबांनी हो म्हणून टाकलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते वाद घालत नाहीत.

१६ नोव्हेंबर

उमरेडला जाऊन आलो. चाचणीसाठी बायजा आत्याचं छत मिळालं. ती बाबांची मोठी बहीण. फुफाजी कोळशाच्या खाणीत होते, ते गेल्यापासून ती एकटीच राहते. छतावर तिने मागच्या वर्षी सोलर बसवलं, आठ प्लेटा. खाणीकडून वारा आला की कोळशाची बारीक काळी धूळ येऊन बसते. आत्याला ती नकोशी, आम्हाला हवी होती तशीच.

चार प्लेटांना लेप दिला, चार तशाच ठेवल्या. दोन्हींना वेगवेगळं मीटर. आकडे माझ्या फोनवर येतात. म्हणजे रोज जायची गरज नाही, पंधरा दिवसांनी एक चक्कर पुरे.

आम्ही काम करत होतो तोवर आत्या पायरीवर बसून पाहत होती. शेवटी म्हणाली, "याच्यातल्या तुया प्लेटा कोनत्या वं?"

मी सांगितलं, जिन्याकडच्या चार.

"आन् या दुसऱ्या?"

"त्या साध्या आहेत. त्यांच्याशी आपलं काही नाही."

तिने मान हलवली. जेवायला भिवापुरी मिरचीचा ठेचा होता. पियूषच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तो दुसऱ्यांदा मागून घेत होता.

२८ नोव्हेंबर

आकडे बरे आहेत, खास नाहीत. लेपाच्या प्लेटा साडेचार टक्के जास्त वीज देतात. प्रयोगशाळेत पाच आले होते, म्हणजे बाहेर एवढेच यायचे. विज्ञान म्हणून ठीक आहे.

काल उमरेडला गेले तेव्हा दोन्हींकडे धूळ होती. नीट निरखून पाहिलं तर आमच्यावर थोडी कमी. पण निरखावं लागत होतं. पियूष फोनवर म्हणाला, "मेघा, गिऱ्हाईक निरखत नाही. गिऱ्हाईक पाहते अन् निघून जाते." त्याचं लग्न ठरलंय. मुलीकडचे विचारतात, कंपनी कुठे आहे, आम्हाला दाखवा. त्याचा जीव वर-खाली होतो आहे. मला समजतं.

मी बराच वेळ जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. आत्या चहा घेऊन वर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग प्लेटांकडे पाहिलं.

"नाही जमलं का वं?"

"जमेल," मी म्हटलं. "वेळ लागतो."

"नोकरी सोडली ना तू?"

"सोडली."

तिने पुन्हा एकदा प्लेटांकडे पाहिलं. माझा कप घेऊन खाली गेली.

६ डिसेंबर

सकाळी बाबांबरोबर महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला गेले होते. परत येऊन फोन पाहिला आणि विश्वास बसेना. नऊ टक्के! चार दिवसांपासून आकडा चढतोच आहे.

मीटर बिघडलं असेल असं आधी वाटलं. पण साध्या प्लेटांचे आकडे रोजच्यासारखेच आहेत, फक्त आमचे वर गेलेत. मीटर बिघडलं असतं तर असं नीट चढलं नसतं.

१० डिसेंबर

अकरा.

मी विचार करून ठेवलाय. लेप प्रयोगशाळेत आम्ही भट्टीत पक्का करतो. बाहेर त्याला दिवसाचं ऊन आणि रात्रीचं दव दोन्ही मिळतं, त्यामुळे तो हळूहळू आणखी पक्का होत असणार. पहिले पंधरा दिवस पक्का होण्यात गेले, आता खरं काम सुरू झालंय. एम.टेक.चे आमचे सर नेहमी म्हणायचे, प्रयोगशाळेपेक्षा बाहेर कमीच मिळतं. आम्हाला जास्त मिळतंय. सरांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा पाहा." सर असेच आहेत, कौतुक करायला त्यांना जड जातं.

२१ डिसेंबर

उमरेड. दुपारच्या एसटीने गेले. आज निरखावंच लागलं नाही. साध्या चार प्लेटा काळपट, आमच्या चार लख्ख. जिन्यातूनच फरक दिसतो. मी फोटो काढून पियूषला पाठवला, त्याने आधी नाचणारी चित्रं पाठवली, मग फोनच केला.

काचेच्या खालच्या कडेला पाणी ओघळल्यासारखे पट्टे दिसले. हा पुरावाच आहे. पहाटेचं दव लेपावर थेंब धरतं, थेंब घसरताना धूळ बरोबर घेऊन जातात. म्हणजे प्लेट स्वतःच स्वतःला धुते. मी आत्याला हे सगळं हातवारे करून समजावलं. ती ऐकत होती.

"हो," ती म्हणाली. "आपोआपच होते ते."

तिचे गुडघे फार दुखतायत. मी म्हटलं, थंडीचं होतं, जिने चढउतर करू नकोस. मलम आणून दिलं.

तिला एक आनंदाची गोष्टही सांगितली. चोवीस जानेवारीला नागपुरात नॅनोवाल्यांचा मेळावा आहे. आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी भरवतात. लहान-मोठे कारखानदार येतात, नोकरी शोधणारी मुलं येतात. त्यात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. चंद्रभानजी येणार आहेत. उमरेड-भिवापूरकडची शीतगृहं, कापसाची जिनिंग, शाळा, यांच्या शेकडो सोलर प्लेटा सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी लेप घेतला तर आमची कंपनी खरी कंपनी होईल.

आत्या म्हणाली, मीही येते ऐकाले. बाबा तिला घ्यायला जातील.

५ जानेवारी

पियूषने फलक छापून आणला. मध्ये भलामोठा "११%", मागे आत्याचं छत. मी म्हटलं, टक्के थोडे लहान छाप. तो म्हणाला, लहान छापायला आपण साडेचारवाले आहोत का?

मुलीकडच्यांनाही त्याने मेळाव्याला बोलावलंय.

२१ जानेवारी

हे कसं लिहू.

मेळाव्यासाठी सकाळच्या तिरप्या उन्हातले फोटो हवे होते. म्हणून न कळवता पहिल्या एसटीने उमरेडला गेले. गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि वर पाहिलं. आत्या छतावर होती. बाजूला बादली. एका हाताने प्लेटेचा कोपरा धरून दुसऱ्या हाताने ओल्या फडक्याने पुसत होती. वाकता येत नाही म्हणून एक पाय लांब करून, तिरपी उभी राहून. एक झाली, तिने फडकं पिळलं, दुसरी घेतली. आमच्याच चार. साध्यांकडे तिने पाहिलंही नाही.

मी वर गेले. मला पाहून तिने फडकं पाठीमागे नेलं.

मी विचारलं, "आत्या, कधीपासून पुसतेस?"

"हे... धूय बसते ना वं. तुया प्लेटा हायेत. कोनी पायलं तर चांगल्या दिसल्या पायजे."

"रोज पुसतेस?"

"सकाळी थोडं. मले काय काम राह्यते?"

तिला स्वच्छतेची फार आवड, लहानपणापासून पाहतेय. अंगण दोनदा झाडते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. खाली तिने चहा दिला, मी प्यायले. मेळाव्यासाठी नवं पातळ काढून ठेवलंय, ते तिने दाखवलं. निळे काठ असलेलं पांढरं. मी म्हटलं, छान आहे.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. बाहेर काय होतं ते आठवत नाही.

अकरा टक्के लेपाचे नाहीत. लेपाचे साडेचार. बाकीचे आत्याच्या हाताचे.

२२ जानेवारी

पियूषला सांगितलं. जरीपटक्याच्या आमच्या खोलीत, खाली रेडिमेड कपड्यांचं दुकान, लाऊडस्पीकरवर सेलची जाहिरात चालू. तो आधी हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतेय.

मग म्हणाला, लेप काम तर करतो ना? थोडं का होईना. मग अकरा सांगू, पुढच्या चाचणीत खरं काय ते कळेलच. मी म्हटलं, पुढच्या चाचणीत चंद्रभानजींना कळेल, आणि मग आपला कोणताच आकडा कुणी ऐकणार नाही. तो म्हणाला, परवा तिथे माझे सासरे बसणार आहेत. मी म्हटलं, माझी आत्या बसणार आहे.

शेवटी तो उठला.

"मंग तूच बोल. माझ्या तोंडून साडेचार निघणार नाही."

मी आजवर पाच माणसांसमोरही बोललेली नाही. तरी हो म्हटलं. नवल म्हणजे भीती वाटली नाही. खोटं पाठ करायचं नाही, एवढ्यानेच अर्धं ओझं गेलं.

एकच अडचण आहे, ती आत्याची. बाबांना म्हटलं, तिला नका आणू, गुडघे दुखतायत. बाबा म्हणाले, ती आत्ताच फोनवर होती. पातळ इस्त्री करून आणलंय.

२४ जानेवारी

झालं. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या वेगळं आठवेल.

सभागृह भरलेलं होतं. बाहेर टेबलं मांडलेली. एक जण नॅनो पाण्याची बाटली विकत होता, तिने म्हणे गुडघेदुखी जाते. आत्या तिथे थांबली होती, मी तिला ओढून आणलं. ती बाबांशेजारी दुसऱ्या रांगेत बसली, पदर नीट करून. पियूष मागे भिंतीला टेकून उभा. फलक त्याने आणलाच नव्हता.

माझ्या आधी एकाने पुढच्या दहा वर्षांत नॅनोतंत्रज्ञान कुठल्या कुठे जाणार याचे आलेखातले उंच उंच खांब पडद्यावर दाखवले. टाळ्या पडल्या. मग मी.

मी लेप काय आहे ते सांगितलं. मग म्हटलं, "कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे अकरा टक्के लिहिलंय. तो आकडा बरोबर मोजलाय, पण तो लेपाचा नाही. चाचणीच्या काळात त्या प्लेटा रोज सकाळी कुणीतरी पुसत होतं. आमच्या चारच पुसल्या जात होत्या."

सभागृहात हसू फुटलं. मोठं नाही, पण फुटलं. मी आत्याकडे पाहिलं नाही.

"चूक पुसणाऱ्याची नाही," मी म्हटलं. "ज्यांच्या घरावर चाचणी ठेवली त्यांना चाचणी म्हणजे काय, हे मी सांगितलंच नाही. नागपूरभर नॅनो समजावत फिरले आणि जिथे समजावायला हवं होतं तिथे ठेचा खाऊन परत आले. पुसणं सुरू होण्याआधीचा आकडा साडेचार आहे. आज माझ्याकडे तेवढाच आहे."

चंद्रभानजी पहिल्या रांगेत होते. जाडजूड, साठीचे, हातात गाडीची चावी. त्यांनी विचारलं, "मॅडम, किती दिवस पुसलं म्हणता?"

"जवळजवळ दोन महिने. रोज."

"अन् लेप निघाला नाही?"

हे मी त्या दिवशी छतावरून उतरण्याआधी तपासलं होतं. पाण्याचा थेंब अजून तसाच गोल राहतो, तसाच घरंगळतो. मी म्हटलं, नाही निघाला.

"मले टक्क्याचं काही नाही," ते म्हणाले. "मले पाण्याचा टँकर न्यावा लागते प्लेटा धुवाले. आठ दिवसांनी धुतो. तुमच्या लेपानं पंधरा दिवसांवर गेलं तर सांगा. ते मोजलं का?"

मोजलं नव्हतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, मोजा अन् या. बसले.

शेवटी एक मुलगी उठली, दुसऱ्या वर्षाची असेल. म्हणाली, मॅडम, या विषयात नोकऱ्या आहेत का खरंच? घरचे विचारतात. मी म्हटलं, कमी आहेत, आणि बऱ्याच नागपुरात नाहीत. पण जे काम मी करते ते करायला मला आणखी एक माणूस लागणार आहे, तुझी परीक्षा झाली की ये. हे मी का बोलले कुणास ठाऊक. पण आता बोलले तर बोलले.

पियूष दिसला नाही. त्याच्या सासऱ्यांना रिक्षात बसवायला गेला होता म्हणे.

आमच्या ऑटोत बाबा पुढे, मी आणि आत्या मागे. सीताबर्डीपर्यंत ती रस्त्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "मंग मले सांगाचं होतं ना. मी त्या दुसऱ्याही पुसल्या असत्या."

बाबा पुढे तोंड फिरवून हसत होते. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दोन्हींवर सारखी धूळ बसू द्यायची. कुणाला हात लावायचा नाही. मग पाहायचं की लेप एकटा काय करतो. या खेपेला हातवारे केले नाहीत, सावकाश सांगितलं.

"म्हन्जे मी तुयं काम नासवलं," ती म्हणाली.

"नाही. उलट ते पुसून निघत नाही हे तुझ्यामुळे कळलं. त्यांनी तेच तर विचारलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचा विश्वास बसला असं वाटलं नाही. पण तिने माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

१ फेब्रुवारी

पियूषचा फोन आला. आठवडाभर तो बोलला नव्हता. लग्नाचं काय म्हणून मी विचारणार, तेवढ्यात त्यानेच सांगितलं. सासरे म्हणाले, ती पोरगी खरं बोलली, अशा माणसासोबत धंदा करणारा बुडाला तरी जेलमध्ये जाणार नाही. मग त्याने विचारलं, नवीन मीटर कुठून घ्यायचं. माफी त्याने मागितली नाही, मीही मागितली नाही. मीटर इतवारीतून घ्यायचं ठरलं.

८ फेब्रुवारी

उमरेडला आठही प्लेटा धुऊन पुन्हा सुरुवात. आत्याला विचारलं, तुला चालेल ना, धूळ दिसेल. ती म्हणाली, "मी वरतंच जात नाही. जिन्याले कुलूप लाव, किल्ली तू ने." मी म्हटलं, कुलूप नको. ती म्हणाली, लाव. लावलं.

१५ मार्च

आकडे साडेचार-पाचच्या मध्ये हलतात. हे आता लहान वाटत नाहीत. पियूषने टँकरचा हिशेब मांडायला घेतलाय, त्यात तो माझ्यापेक्षा पुढे आहे. साध्या प्लेटांची वीज आठव्या दिवशी जेवढी पडते, तेवढी आमची पडायला चौदा दिवस लागले. पंधरा नाहीत. चंद्रभानजींना चौदाच सांगितले. ते म्हणाले, चौदा चालते, जिनिंगच्या वीस प्लेटांवर लावून दाखवा. पियूष फोन ठेवून खुर्चीत बसला आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिला.

१२ एप्रिल

परवा चौदा एप्रिल, म्हणून आत्याला नागपूरला आणायला गेले. ऊन भाजून काढतंय. जिनिंगवर दोन दिवसांपासून लेप सुरू केलाय, माझी बोटं अजून चिकट आहेत. मेळाव्यात नोकरीचं विचारणारी ती मुलगीही परीक्षा संपवून येणार आहे पुढच्या आठवड्यात. तिचं नाव अदिती.

आत्या पिशवी भरून तयार बसली होती. मी म्हटलं, निघण्याआधी वर चल, तूही पाहा. ती नको म्हणाली. मी कुलूप काढलं आणि तिचा हात धरून एकेक पायरी चढवत नेलं.

तीन दिवस खाणीकडून वारा होता. साध्या चार प्लेटांवर काळी साय धरल्यासारखं झालं होतं. आमच्यावर धूळ होती, पण विरळ, खालची निळी काच दिसत होती. लख्ख नव्हत्या. पण वेगळ्या होत्या, न निरखता.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग वाकून साध्या प्लेटेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. मग आमच्या प्लेटेवरून फिरवलं आणि दुसरं बोट पाहिलं. दोन्ही बोटं शेजारी धरली.

"म्हन्जे तुयं खरंच चालते वं," ती म्हणाली.

"मग तुला काय वाटलं होतं?"

तिने पदराच्या टोकाने डोळे पुसले. वाऱ्याने धूळ गेली असेल. मग कठड्याशी गेली आणि पलीकडच्या छतावर पापड वाळवत बसलेल्या शेजारणीला हाक मारली.

"अंजना, ये वं इकडे. पाय माया भाचीनं काय केलं ते. हात नको लावू मात्र."